फळमाशीची भूक: उपाशी आणि पोटभर माश्यांचं रीडिंग सारखं का येतं?

प्रश्न थोडक्यात असा. २४ तास उपाशी ठेवलेल्या आणि नेहमीच्या खाद्यावर असलेल्या फळमाश्यांना निळा रंग घातलेलं साखरेचं अगार (जेलीसारखं घट्ट खाद्य) २ तास दिलं. मग १०-१० माश्या अर्ध्या मिलिलिटर पाण्यात वाटून ६३० नॅनोमीटरच्या प्रकाशात निळ्या रंगाचं रीडिंग घेतलं, तर दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखेच आले. माशीची भूक नेमकी चालते कशी, आणि प्रयोगात चुकलं काय?

आधी एक खुलासा. आपल्याकडे शेतकरी आंबा-पेरू पोखरणाऱ्या माशीला फळमाशी म्हणतात, ती वेगळी. इथे विषय आहे तो पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या, जेमतेम १ मिलिग्रॅम वजनाच्या ड्रोसोफिला मेलानोगास्टरचा.

या माशीला भूक लागते आणि ती मोजताही येते. पण तिच्या मेंदूत भुकेचं असं एकच बटण नाही. वासाकडे जाणं, पाय टेकल्यावर सोंड काढणं, पहिला घोट घेणं, घेत राहणं, थांबणं आणि पुन्हा कधी यायचं ते ठरवणं, या प्रत्येक पायरीवर वेगळ्या चेतापेशी आणि वेगळी संप्रेरकं कामाला असतात. २ तासांनी पोटातला रंग मोजला की हातात येते ती या सगळ्यांची बेरीज, आणि बेरजेत फरक पुसला जाऊ शकतो. म्हणून यंत्रणा समजून घेतल्याशिवाय प्रयोग दुरुस्त होणार नाही.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एक उपाशी माशी आणि साखरेच्या पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. माशी चालत येते, पुढच्या पायाचं टोक थेंबाला लागतं आणि डोक्याखाली घडी करून ठेवलेली सोंड सरकन उलगडते. सोंडेच्या टोकाला दोन पाळ्या असतात. त्या थेंबावर टेकून उघडतात, घशातला पंप धडधडू लागतो आणि थोड्याच वेळात पोटाच्या पुढच्या भागात निळा फुगवटा दिसू लागतो. पोटभर माशीचा पायही त्याच थेंबाला लागतो, पण पाणी फिकट गोड असेल तर तिची सोंड हलतही नाही. साखर तीच, पाय तसाच. बदललंय ते आतलं गणित.

चव घेणारे केस पायांवरही असतात आणि सोंडेवरही. सोंडेच्या प्रत्येक पाळीवर असे सुमारे ३१ केस असतात आणि प्रत्येक केसात चवीच्या २ ते ४ चेतापेशी. गोड ओळखणाऱ्या पेशींत जीआर५ए, जीआर६४एफ यांसारखे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारी प्रथिनं, असतात, कडू ओळखणाऱ्यांत जीआर६६ए, आणि पाणी ओळखणाऱ्यांत पीपीके२८. यांच्या तारा मेंदूच्या तळाशी, अन्ननलिकेखालच्या भागात जातात, आणि सोंडेचे स्नायू हलवणाऱ्या पेशीही तिथेच बसलेल्या असतात. चवीपासून कृतीपर्यंतचा रस्ता इतका आखूड असल्यामुळेच हा प्राणी भुकेच्या अभ्यासाला सोयीचा ठरला. १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चवीची जाण बिघडलेले माश्यांचे वाण वेगळे काढले. जनुकांच्या वाटेने चव समजून घेण्याच्या कामातला तो अगदी सुरुवातीचा टप्पा होता, आणि तो कुलाब्यात घडला हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

भूक या रस्त्यावर पहिल्या चौकातच हात घालते. उपाशी माशीत डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनामुळे गोडाच्या पेशींचा संदेश मोठा होतो, त्यामुळे फिकट साखरही तिला पुरेशी गोड लागते. डोपामिनला चालना देणारं पेप्टाइड (छोट्या प्रथिनासारखा संदेशवाहक रेणू) म्हणजे एनपीएफ, आपल्या शरीरातल्या न्यूरोपेप्टाइड वायचा नातेवाईक. कडू चवीचं उलटं होतं. उपास लांबला की कडूची जाणीव बोथट होते आणि एरवी नाकारलेलं खाद्य माशी स्वीकारते. गोड वाढवणारी आणि कडू दाबणारी साखळी एकच नाही. कडूच्या बाजूला एसएनपीएफ हे वेगळं पेप्टाइड आहे. नाकातही तेच दिसतं: पोट भरलेलं असताना इन्सुलिन वासाच्या काही पेशींवरचा एसएनपीएफचा ग्राही दाबून ठेवतं. उपासात इन्सुलिन उतरतं, तो ग्राही वाढतो आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास मेंदूला जास्त जोरात पोचतो.

शरीरात तुटवडा आहे ही बातमी मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. हृदयनलिकेजवळच्या कॉर्पोरा कार्डियाका या ग्रंथीतून एकेएच हे संप्रेरक सुटतं. ते ग्लुकॅगॉनसारखं काम करतं, साठा मोडून रक्तरसात ट्रेहॅलोज साखर वाढवतं आणि माशीला हिंडायलाही लावतं. या पेशी नष्ट केल्या तर उपाशी माशी अन्नासाठी धावपळ करत नाही, आणि साठा सावकाश संपल्यामुळे उपासात जास्त काळ जगते. दुसरं ठिकाण मेंदूतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या मोजक्या पेशी, साधारण १४. तिसरं मेदपिंड, म्हणजे आपलं यकृत आणि चरबी यांचं काम एकत्र करणारा अवयव. साठा चांगला असला की मेदपिंडातून यूपीडी२ हा संदेश निघतो आणि मेंदूतून इन्सुलिन सुटू देतो. २०१२ मध्ये दाखवण्यात आलं की यूपीडी२ नसलेल्या माश्यांत माणसाचं लेप्टिन घातलं तरी हे काम सावरतं.

याशिवाय मेंदू साखर थेटही चाखतो. जीआर४३ए हा फ्रुक्टोजचा ग्राही मेंदूतल्या काही पेशींवर असतो. रक्तरसात एरवी फ्रुक्टोज फार कमी, म्हणून जेवणानंतर ते वाढल्याचं या पेशींना चटकन कळतं. गंमत अशी की याच पेशी उपाशी माशीत खाणं वाढवतात आणि पोटभर माशीत थांबवतात. डीएच४४ हे पेप्टाइड बनवणाऱ्या ६ पेशी पौष्टिक साखरेला प्रतिसाद देतात. म्हणूनच चवीची जाण नसलेली माशीसुद्धा पुरेसा उपास झाल्यावर काही तासांत कॅलरी देणारी साखर निवडते. अरॅबिनोज गोड आहे पण पोषण देत नाही, सॉर्बिटॉल पोषण देतं पण माशीला बेचव लागतं. ही जोडी प्रयोगशाळेत असेल तर 'चव' आणि 'पोषण' वेगळे करता येतात. नुसतं सुक्रोज वापरलं तर ते दोन्ही एकत्रच राहणार.

थांबण्याची बाजू मात्र सगळ्यात दुर्लक्षित राहते. गोड द्रव पोटात गेला की बराचसा आधी अन्नपिशवीत साठतो. आतड्याच्या वरच्या भागातून फुटलेली ही एक फुगणारी थैली असते. व्हिन्सेंट डेथियर यांनी १९५० च्या दशकात फोर्मिया या मोठ्या माशीत पचनमार्गाकडून मेंदूकडे जाणारी चेता कापली, तेव्हा ती माशी थांबेचना. पोट फुटायला येईपर्यंत पीत राहिली. फळमाशीत हा ताण ओळखणाऱ्या पेशींवर पीझो नावाची, ओढ बसली की उघडणारी वाहिनी असते. पीझो बिघडवली तर अन्नपिशवी प्रमाणाबाहेर फुगते. ल्युकोकायनिन या पेप्टाइडचा ग्राही बिघडलेली माशी एका वेळी जास्त खाते पण कमी वेळा खाते, त्यामुळे दिवसभराचा हिशेब बराचसा जुळतो. ड्रोसल्फाकायनिन आणि ॲलाटोस्टॅटिन ए हेही 'पुरे' म्हणणारे संदेश. तुमच्या प्रयोगासाठी यातला मुद्दा असा: ब्रेक ताणावरही चालतो. उपाशी माशी सुरुवातीच्या काही मिनिटांतच थैली भरते आणि थांबते. पुढचा जवळजवळ सगळा वेळ ती खातच नाही.

आता चुका. तुमच्या बाबतीत सर्वांत संशयास्पद आहे ते आकडे यंत्राच्या मर्यादेला टेकणं. हिशेब करून पाहा. ब्रिलियंट ब्लू एफसीएफचं १ टक्का द्रावण १ सेंटिमीटर जाडीतून सुमारे १६३० शोषणांक (प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा, म्हणजेच यंत्राचं रीडिंग) देतं, म्हणजे मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम रंग असेल तर सुमारे ०.१६. खाद्यात ०.५ टक्के रंग आहे आणि एका माशीने ०.२ मायक्रोलिटर खाल्लं असं धरा. तिच्या पोटात १ मायक्रोग्रॅम रंग गेला. १० माश्यांचे १० मायक्रोग्रॅम अर्ध्या मिलिलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरला २०. शोषणांक यायला हवा ३ च्या वर! कॉलेजमधली बहुतेक यंत्रं २ च्या पुढे भरवशाची नसतात. निम्मं खाल्लेल्या गटाचा आकडाही १.६ च्या घरात जातो, आणि वरचा गट छताला टेकलेला असल्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. जुने अर्क फ्रीजमध्ये असतील तर तेच १० पट पातळ करून पुन्हा वाचा. फरक वर आला तर निम्मं कोडं तिथेच सुटलं.

दुसरी चूक २ तासांची. अर्ध्या-पाऊण तासानंतर रंग विष्ठेतून बाहेर पडायला लागतो; बाटलीच्या भिंतीवर निळे ठिपके दिसले असतील तर ते हेच. उपाशी गटाने लवकर खाल्लं म्हणून त्याचा रंग आधी बाहेर गेला, आणि पोटभर गट तेवढ्या वेळात थोडं थोडं खात राहिला. वेळ १५ मिनिटं ठेवा, फार तर २०.

तिसरी गोष्ट पाण्याची. उपास म्हणजे रिकामी बाटली नव्हे. कोरड्या बाटलीत माशी तहानेने व्याकूळ होते आणि नंतर साखरेचं पाणी ती पाण्यासाठीच पिते. मेंदूच्या तळाशी अशा ४ पेशी सापडल्या आहेत ज्या एकेएच आणि रक्तरसाची दाटी हे दोन्ही पाहून साखर घ्यायची की पाणी ते ठरवतात, तेव्हा तहान आणि भूक एकमेकींत मिसळली की निष्कर्ष काढता येत नाही. उपास नेहमी १ टक्का अगारवर. त्यातून पाणी मिळतं, पोषण नाही.

चौथी, तुमचा 'पोटभर' गट खरंच पोटभर होता का? रवा-गुळाचं खाद्य (१ लिटर पाण्याला १०० ग्रॅम गव्हाचा रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगार आणि थोडं निवल्यावर ७.५ मिलिलिटर प्रोपिऑनिक ॲसिड) ताजं आणि वर यीस्टचे दाणे भुरभुरलेलं असेल तर उत्तम. पण बाटली जुनी, वरून सुकून भेगाळलेली, अळ्यांनी उकरलेली असेल तर त्यातल्या माश्या अर्धपोटीच असतात. उपाशी गट अगारवर हलवाल त्याच वेळी दुसरा गट ताज्या खाद्यावर हलवा, म्हणजे हाताळणीही दोघांची सारखी होईल.

रंगाचंही पाहा. किराणा दुकानातल्या खाण्याच्या रंगाच्या डबीत शुद्ध रंग थोडा आणि बाकी मीठ किंवा डेक्स्ट्रोज असू शकतं. दोन्हीची चव माशीला कळते. प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा रंग घ्या.

प्रयोग पुन्हा करताना असा करा. कोशातून निघालेल्या माश्या ३ दिवस नर-मादी एकत्र ठेवा, म्हणजे सगळ्या माद्या फळलेल्या (समागम झालेल्या) असतील. मग कार्बन डायऑक्साइडवर शक्य तितक्या थोड्या वेळात माद्या निवडून २०-२० च्या बाटल्या करा आणि २ दिवस विश्रांती द्या. बेशुद्धीचा परिणाम खाण्यावर रेंगाळतो, म्हणून त्याच दिवशी चाचणी नको. २५ अंश तापमान, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. चाचणीची वेळ रोज एकच ठेवा, कारण खाण्यावर शरीराच्या घड्याळाचा ताबा आहे.

रंगीत खाद्यासाठी १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम अगार उकळा, ३.४२ ग्रॅम सुक्रोज घाला, थोडं निवल्यावर ०.५ ग्रॅम रंग मिसळून पातळ थर ओता. हे झालं १०० मिलिमोलर सुक्रोज. याहून फार गोड केलंत तर पोटभर माशीलाही मोह होतो आणि फरक आणखी आकसतो. पृष्ठभागावरचं पाणी सुकू द्या, नाहीतर माश्या चिकटतात आणि अंगाला लागलेला रंगही मोजला जातो. २४ तास झाले की माश्या बेशुद्ध न करता बाटलीवर बाटली टेकवून हलकेच ठोकून हलवा आणि १५ मिनिटांनी बाटली थेट उणे २० अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवा.

वाटण्याआधी पोटं बघा. मायक्रोस्कोपखाली रंग नाही, थोडा आहे, पोट निळंशार आहे अशी मोजणी करून लिहून ठेवा. किती माश्यांनी खाल्लं आणि खाणाऱ्यांनी किती खाल्लं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि अर्क केला की ते कायमचे एकत्र होतात. माझ्या मते या चाचणीतला सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि बहुतेक वेळा तोच कुणी नोंदवत नाही. मग माश्या पाण्याने झटकन धुवा, १० माश्या ५०० मायक्रोलिटरमध्ये वाटा, सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवा. तळाचा गाळ आणि वरची चरबी टाळून मधला स्वच्छ द्रव घ्या आणि १० पट पातळ करून वाचा. कोरा नमुना म्हणून नुसतं पाणी चालणार नाही. बिनरंगाचं तेच खाद्य खाल्लेल्या माश्यांचा अर्क लागतो, तितकाच पातळ केलेला. प्रमाणरेषाही (ठाऊक असलेल्या रंगाला किती रीडिंग येतं त्याचा आलेख) त्याच अर्कात रंग मिसळून काढा.

भुकेचा पहिलाच चौक पाहायचा असेल, म्हणजे किती खाल्लं याऐवजी खायला तयार आहे का, तर सोंडेची चाचणी जास्त स्वच्छ उत्तर देते. २०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपचं टोक इतकं कापा की माशीचं डोकं आणि पुढचे पाय बाहेर राहतील. बर्फावर थंड केलेली माशी आत बसवा आणि दमट डब्यात १ ते २ तास सावरू द्या. आधी पाणी पाजा, सोंड काढणं थांबेपर्यंत. मग पायाच्या टोकाला १०, ३०, १००, ३०० आणि १००० मिलिमोलर सुक्रोज चढत्या क्रमाने लावा, प्रत्येक वेळी पिऊ न देता, आणि मधेमधे पाणी. पाण्यालाही सोंड काढते ती माशी अजून तहानलेली आहे, तिची नोंद धरू नका. शेवटच्या १००० ला सोंडेवर लावूनही हलत नाही ती जखमी असणार, तीही बाद. आलेखावर उपाशी गटाची रेषा डावीकडे, कमी साखरेकडे सरकलेली दिसेल. थेंब चुकून पिऊ दिलात तर मात्र त्या माशीचं पुढचं सगळं बिघडतं.

दिवसभराचं खाणं हवं असेल तर केशनलिकेची पद्धत घ्या. बाटलीच्या तळाशी १ टक्का अगार, झाकणातून ५ मायक्रोलिटरची काचेची केशनलिका, तिच्यात ५ टक्के सुक्रोज आणि ५ टक्के यीस्ट अर्क, आणि वरच्या टोकाला बाष्पीभवन रोखायला खनिज तेलाचा थेंब. बाटलीत ४ माश्या. पहिला दिवस सवयीचा, त्याची नोंद नको. साधारणपणे एक माशी दिवसाला १ ते २ मायक्रोलिटर घेते, आणि उडून जाणारं पाणी या आकड्याच्या तोडीचं असू शकतं. म्हणून माशीविना किमान ३ बाटल्या शेजारीच ठेवा आणि त्यांची सरासरी वजा करा. त्या तीन बाटल्यांतच मोठा फरक दिसला तर खोलीतली आर्द्रता आधी सुधारा. या पद्धतीत माशीला उलटं लटकून प्यावं लागतं, त्यामुळे अशक्त वाणांचं कमी खाणं भुकेच्या खात्यावर टाकू नका. खाद्य पातळ केलं तर माश्या जास्त द्रव घेऊन तूट भरून काढतात, हेही आकडे वाचताना ध्यानात असू द्या.

शेवटी माद्यांबद्दल, कारण इथे साखरेची भूक आणि प्रथिनांची भूक वेगळी होते. समागमात नराकडून येणारं सेक्स पेप्टाइड मादीची यीस्टची ओढ वाढवतं, अंडी घडवायला अमिनो आम्लं लागतात म्हणून. समागम न झालेल्या आणि फळलेल्या माद्या एकाच बाटलीत मिसळल्या तर खाण्याचे आकडे विस्कटतात. आतड्यातले असिटोबॅक्टर आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोबत असले तर अमिनो आम्लांची तूट असूनही यीस्टची ओढ कमी राहते, म्हणजे प्रतिजैविक घातलेल्या खाद्यावरच्या माश्या साध्या माश्यांशी ताडून पाहणं योग्य नाही. आंबा-पेरूच्या फळमाशीसाठी बागेत प्रथिनांचं आमिष फवारतात ते मादीच्या याच प्रथिनभुकेवर, तर मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनाच्या सापळ्यात नर अडकतात त्याचा पोटाच्या भुकेशी संबंध नाही. प्रयोगशाळेत हे पाहायचं तर एका अगारमध्ये निळ्या रंगासोबत साखर आणि दुसऱ्यात लाल रंगासोबत यीस्ट घाला, एकाच पेट्रीडिशमध्ये आलटून पालटून ठिपके द्या, आणि अंधारात ठेवा म्हणजे रंग पाहून निवड होणार नाही. पुढच्या फेरीत रंगांची अदलाबदल करा. लालचं मोजमाप यंत्रावर करायचं असेल तर डोकी आधी काढून टाका, नाहीतर डोळ्यांतला लाल रंग यीस्टच्या नावावर जमा होईल.